सात कड्या

टण्ण.

दुधावर झाकलेल्या ताटलीवर माळवदातून मातीचा खडा पडला, आणि दुपारचं सुन्न घर दचकलं. म्हणजे मी दचकले. घरांना काही कळत नसतं. कळत असतं, तर आमच्या गल्लीतल्या घरांनी आपापल्या मालकांच्या अंगावर केव्हाच भिंती टाकल्या असत्या.

खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. मधल्या खोलीत माझी साडेतीन वर्षांची शीलू डोळे टक्क उघडे ठेवून गोधडीवर पडली होती आणि मी दाराआडून मनात म्हणत होते, झोप ग माय, तासभर तरी झोप. तिचं पूर्ण नाव धम्मशीला. एवढं मोठं नाव आणि एवढीशी पोर, म्हणून शीलू. ती झोपली तर मला एक पान लिहून होतं. ती झाल्यापासून माझं लिहिणं असंच आहे, तिच्या झोपेतून चिमूट चिमूट चोरलेलं. आणि ती झोपेच्या बाबतीत पक्की कंजूष. पाय आपटायची, पाणी मागायची, "आई, तू हाय ना?" असं दर पाच मिनिटांनी विचारायची. मी "हाय ग" म्हणायचे आणि वही मिटायचे.

सेलूत, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला पाठ लावून आमची प्रेस गल्ली आहे. समोरासमोर दोन ओळी, एकेका ओळीत बावीस घरं. प्रत्येक घर तीन खोल्यांचं, खोल्या डब्यांसारख्या एकामागं एक. निजामाच्या काळात जिनिंगच्या मालकानं कामगारांसाठी बांधलेली. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचं माळवद. एप्रिलात बाहेर रस्ता तापून मऊ होतो आणि आत पाण्याचा माठ घामेजत नाही, इतका गारवा.

अशी घरं लोकांना आवडत नाहीत. गेली पाच-सहा वर्षं गल्लीला नवं करायचं वेड लागलंय. दगडी भिंतींवर संडासातल्या टाइल्स, त्या टाइल्सवर मोर. साडेपाच फुटी दारापुढं दोन जाडजूड खांब, जणू आत सरदार राहतो. आत राहतो पानटपरीवाला, आणि त्याला त्या खांबांमुळं सायकल आत घेता येत नाही. माळवदं पाडून स्लॅब टाकले. आता उन्हाळाभर हे लोक स्लॅबखाली भाजतात आणि संध्याकाळी ओट्यावर बसून "लय गरम व्हायलंय बगा औंदा" म्हणतात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. परभणीला एका इंजिनिअरच्या हपिसात चार वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले. हे काम केलं की माणसांविषयीचा आदर कमी होतो.

आम्ही इथं राहायला आलो ते माझे सासरे, भगवानराव, ओट्यावरून पडले म्हणून. मी त्यांना मामा म्हणते. जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं काढल्यानं त्यांना नीट ऐकू येत नाही आणि गल्ली सोडून ते कुठंही येत नाहीत. माझा नवरा नागसेन पालमला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसनं जातो. जाताना म्हणाला, "घर नीट करून घे. तुला कळतं त्यातलं." मला कळतं हे त्याला फक्त कामं वाटताना आठवतं.

मिस्त्री मिळाला तो महारुद्र. कानावर पेन्सिल, गालात तंबाखू, हातातल्या टेपवरचे आकडे न बघता माप सांगणारा.

"ताई, सगळं पाडू. सपाट स्लॅब टाकू. गावात आता कोण ठिवायलंय माळवद?"

"गावात आता डोकं तरी कोण ठिवायलंय? पुढची आन् मागची खोली पाडा. मधली हाय तशी राहील. तुळया घासून तेल लावायचं."

त्यानं माझ्याकडं, शिकलेल्या बाईकडं बघतात तसं बघितलं.

तुळयांवर शंभर वर्षांची काजळी होती. ती घासता घासता मधल्या तुळईत लोखंडी कड्या निघाल्या. सात. दीड-दीड फुटावर एक, तुळईत आरपार ठोकलेल्या, गंजून काळ्या पडलेल्या. मी ग्राइंडरनं कापून टाका म्हटलं. महारुद्र शिडीवरून खाली उतरला.

"ह्या राहू द्या, ताई."

"का?"

"राहू द्या म्हणलं ना."

"गंजल्यात. लेकराच्या डोक्यात पडल्या म्हंजे?"

"ह्या न्हाईत पडत."

"मिस्त्री, स्लॅबात सळई कमी टाकताना तुमाला भ्या वाटत न्हाई, आन् लोखंडाच्या कडीला भ्यायलाव?"

वाळू चाळणारी वैष्णवी फिसकन हसली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर आणायला विसरला, तिसऱ्या दिवशी ग्राइंडर बिघडला. मी नाद सोडला. कड्या आहेत तर आहेत. मधल्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. म्हटलं, हलवून तरी झोपते का बघू.

आता माझी चूक सांगते. चूक इतकी साधी की तुम्हीही रोज करत असाल.

दुपारचा एक वाजला होता. शीलू झोळीत बसून पाय हलवत होती. महारुद्रनं वरून हाक मारली, पाण्याचा उतार बघायला या म्हणून. मी घाईत उंबरा ओलांडताना मागं न बघता म्हणाले, "जरा लेकराकडं लक्ष असू द्या हो."

आपल्याकडं हे कुणालाही म्हणतात. शेजारणीला, एसटीत बाजूला बसलेल्या बाईला, दवाखान्यात रांगेतल्या माणसाला. मला वाटलं, वैष्णवी आत कोपऱ्यात झाडतेय.

आतून "हं" आलं. कामात असलेल्या बाईचं असतं तसं, तुटक.

मी शिडीनं वर गेले. वर महारुद्र होता, आणि त्याच्या शेजारी, डोक्यावर पाटी घेऊन, वैष्णवी.

मी धावत खाली आले. शीलू झोळीत गाढ झोपली होती. झोळी संथ हलत होती. तेव्हा मी काय केलं? इकडं तिकडं बघितलं, मामा ओट्यावर होते, त्यांनीच हुंकार दिला असेल असं ठरवलं. ज्या माणसाला शेजारी फुटलेला फटाका ऐकू येत नाही, त्या माणसानं. मग हळूच वही काढली. दोन तास मिळाले होते.

पुढं रोज मिळायला लागले. दीड वाजला की शीलू आपणहून झोळीत जायची. साडेतीनला उठायची. पाणी नाही, पाय आपटणं नाही, "आई, तू हाय ना" नाही. त्या तीन आठवड्यांत मी जेवढं लिहिलं तेवढं तीन वर्षांत लिहिलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, काय जादू केलीस ग पोरीवर? मी तोऱ्यात म्हणायचे, शिस्त लावली. गल्लीतल्या बायका लेकरांच्या पाठीत धपाटे घालून झोपवतात. मला त्यांची कीव यायची.

मग तिच्या केसांत कापूस सापडायला लागला.

बोळा नव्हे, तूस. सरकीवरून निघतो तो बारीक, उडता. आधी केसांत, मग भुवयांवर, एका दुपारी पापण्यांवर. मी उशी उसवून बघितली, गादी बदलली. जिनिंगच्या आवारात शेवरीचं झाड आहे का ते बघून आले. नव्हतं. जिनिंग बंद होऊन वीस वर्षं झाली, आत आता बाभळी आणि डुकरं आहेत. तूस जुन्या माळवदातून झडत असेल, असं ठरवलं. मला ठरवता चांगलं येतं.

कड्यांचंही लक्षात आलं होतं. झोळी एकाच कडीला होती. पण सातही कड्यांची आतली बाजू, जिथं दोरी घासते तिथं, गंज जाऊन चकाकायला लागली होती. रोज थोडी जास्त.

एकदा चार वाजता तिला भरवत होते. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "अजून पाळी सुटली न्हाई."

"कशाची पाळी, शीलू?"

"बायांची."

तिनं शहाण्यासारखा घास घेतला. आजकाल ती सगळंच शहाण्यासारखं करायची. मी मोरीकडं गेले तरी मागं यायची नाही. रात्री माझ्या कुशीत झोपायची, पण पूर्वी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही, ते तिनं सोडलं होतं. मी ते सुटताना बघितलं आणि मला बरं वाटलं. हात मोकळा राहतो, म्हणून. हे लिहिताना मला माझी जेवढी घाण वाटतेय तेवढी त्या टाइल्सवरच्या मोरांचीही कधी वाटली नव्हती.

मग एका मंगळवारी मी वही घेऊन मधल्या खोलीतच बसले. कामगार सुट्टीवर होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शीलूचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, हिला धाप लागलीय. घड्याळ समोर ठेवून मोजायला लागले. मिनिटाला किती होतात ते डॉक्टर विचारतात. पहिल्यांदा एकशे अडुसष्ट झाले. परत मोजले, एकशे सत्तर. या वयाच्या लेकराचे चोवीस-पंचवीस असतात.

उठून तिच्या छातीवर हात ठेवला आणि हातानं मोजले.

चोवीस. वर तुळईत सात कड्या, आणि चोवीसची सातपट एकशे अडुसष्ट.

मी ओट्यावर गेले. मामा बिडीचं थोटूक विझवून भिंतीला टेकले होते. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मामा, मधल्या खोलीत कोण राहायचं पूर्वी?"

"ऑं?"

"मधली खोली! कड्या कशाच्या हायत?"

"ते व्हय. तिथं चन्नबसम्मा लेकरं ठिवायची." ते खुशीत आले. जुनं काही विचारलं की येतात. "आमच्या माया जायच्या जिनात. तान्ही लेकरं कुटं ठिवायची? चन्नबसम्मा विधवा बाई, दिसत नव्हतं तिला धड. मालकानं ही खोली दिली हुती तिला. आठ तास लेकरं सांभाळायची. झोळ्याच झोळ्या. सात. तिनं जातपात बगितली न्हाई कवा. समद्याला एकच दोरी, एकच झोका."

"मग?"

"मग काय, जिनातली पाळी सुटली का बाया यायच्या. डोक्यापासून पायापतूर पांढऱ्या, नुसता तूस. त्यात हिची नजर अधू. कोणची बाई कोण, कळंना हिला. एकदा भलतंच लेकरू भलतीच्या हातात गेलं म्हणं. तवापासनं खूण सांगितल्याबिगर देतच नव्हती. लेकराच्या अंगावरली खूण सांगायची, ती चाचपून बगायची, मंग द्यायची. 'खूण सांग, लेकरू ने.' गल्लीत म्हणच पडली हुती तशी."

"आन् खूण चुकली तर?"

मामा खोकला येईपर्यंत हसले. "माझी माय चुकली की! दोन पाळ्या, सोळा तास काम करून आलती, घाबऱ्याघाबऱ्या म्हणली डाव्या पायाला तीळ हाय. माझा तीळ उजव्या पायाला."

"मग?"

"मंग काय. डाव्या पायाला तीळ आसलेला दिला की तिनं." त्यांनी धोतर सारून डावा पाय पुढं केला. घोट्याच्या वर मसुराएवढा तीळ होता. "माय शेवटपतूर म्हणायची, माझा भगवान उजव्या पायाचा. बाया हसायच्या. मी बी हसायचो. आता कोण कोणाचं, कुणी बगितलंय?"

मी हसले नाही. म्हातारा रंगवून सांगतो, हे माझ्या मनात आलं. आणि त्याच वेळी पाय आपोआप आत वळले.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

झोळी हलत होती. मी हातानं धरून थांबवली. ती थांबली.

खोलीत कोणी नव्हतं. तुळई, तेल लावलेली, स्वच्छ. भिंतीला टेकवलेली माझी पट्टी, ओळंबा, टेप. कवडशात तूस तरंगत होता, वर जात नव्हता, खाली येत नव्हता.

मी झोळीत दोन्ही हात घातले. शीलूच्या पाठीखाली आणि गुडघ्याखाली. उचललं.

ती उचलली गेली नाही.

जड नव्हती. धरलेली होती.

ओढून बघितलं. लुगडं ताणलं, कडी करकरली, शीलू झोपेतच होती. तिच्या पलीकडून कुणीतरी, अगदी मायेनं, पक्कं धरलं होतं. मला कुणी काही विचारलं नाही. पण विचारून झाल्यावर समोरचा उत्तराची वाट बघतो, तशी ती शांतता होती.

खूण.

शीलूच्या अंगावर खूण नाही. ती झाली तेव्हा दुपट्यातून उघडी करून मी तिला तासभर बघितलं होतं, नखापासून टाळूपर्यंत. तीळ नाही, लासं नाही, लोण्याच्या गोळ्यासारखी पोर. बालवाडीच्या अर्जावर 'शरीरावरील खूण' असा रकाना होता. तिथं मी ऐटीत 'नाही' लिहिलं होतं.

खरं उत्तर तेच होतं. काहीच नाही. ते म्हणायचं होतं.

पण काहीच नाही ही खूण कशी होईल? मला वाटलं, एवढ्यावर देणार नाही. मला वाटलं, शंका घेईल. आयुष्यभर मी लोकांच्या अडाणीपणाला हसले, आणि त्या क्षणी माझ्या डिप्लोमातलं, पुस्तकांतलं काही वर आलं नाही. त्या थकलेल्या, पांढऱ्या बायांसारखी मी तोंडाला येईल ते बोलले.

"मानेवर. मागं, केसाखाली. तीळ हाय."

काहीतरी चाचपल्यासारखं लुगडं एकदा हललं.

मग हातातला ताण सुटला.

पोर माझ्या खांद्यावर आली. ऊबदार, झोपाळलेली, शीलूच्याच वासाची. मी पर्स घेतली आणि मामांना हातानंच जाते म्हणून सांगितलं. चारच्या सुमाराला गाडी होती. फलाटावर बाकड्यावर बसून तिचे केस विंचरायला घेतले. तूस काढायचा होता. मानेवरचे केस वर उचलले.

होता.

मोहरीएवढा. बोटानं घासला. थुंकी लावून, पदरानं घासला. कातडी लाल झाली. "दुखतंय," ती म्हणाली. रडली नाही.

आता परभणीला माझ्या आईकडं आम्हाला सतरा दिवस झाले. तूस पुन्हा दिसला नाही. ती जेवते, खेळते, दीड वाजला की झोपते. आई म्हणते, नजर लागेल अशी गुणाची पोर आहे. नागसेन येऊन गेला, तिनं त्याला ओळखलं, खांद्यावर बसून बाजार फिरून आली. मी त्याला तीळ दाखवला. म्हणाला, "पहिल्यापासून असंल की. तू कशाला बघायलीस, तू तर वहीत." मी तिचे केस मानेवर परत सोडले.

महारुद्रचा फोन आला. "ताई, मधल्या खोलीचं काय करू? तुमी म्हणत असाल तर पाडतो आता. मन घट्ट केलंय."

मी एवढ्या जोरात "हात लावू नका" म्हणाले की आई आतून बाहेर आली.

"झाडू-बिडू तरी?"

"मिस्त्री, झोळी हाय तशी राहू द्या. दोरी बी सोडू नका."

 तो हळूच म्हणाला, "बरं, माय." इतके दिवस ताई म्हणायचा.

रोज ठरवते, उद्याच्या गाडीनं जायचं. उंबऱ्यावर बसायचं. खरी खूण सांगायची, काहीच नाही म्हणून सांगायची. एवढंच तर आहे. पण रिकाम्या हातानं जाऊन चालेल का, ते मला माहीत नाही. हिला सोबत न्यावं लागेल. परत ठेवावं लागेल. आणि ही सकाळी माझ्या गळ्यात हात टाकून उठते, माझ्या ताटातली पोळी खाते, माझ्या पदराला तोंड पुसते. हिचा काय दोष? हिचीही आई कधीतरी पाळी सुटून आली असेल, आणि उंबऱ्यावर बसली असेल.

आज दुपारी ती झोपली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी वही मिटली, तिला मांडीवर घेतलं, थोपटलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हात वर करून माझा कान शोधला, कानाची पाळी चिमटीत धरली. अगदी पूर्वीसारखी. 

"काय ग, माय?"

तिनं अगदी हळू, कुणी ऐकेल म्हणून भिऊन विचारलं,

"आई, तू मला न्यायला कधी येणार?"